‘अतिप्रसंग’ लिहू नका, घडलं ते लिहा

वाचकांचे प्रश्न, वकिलांची उत्तरं. या अंकातली पत्रं इंदूरच्या मराठी घरांतून आली आहेत. ओळख पटेल असा सगळा तपशील काढून टाकला आहे.

प्रश्न : मुलगी २३ वर्षांची, पुण्यात नोकरीला. महिन्यापूर्वी तिथल्या एका ओळखीच्या माणसाने तिच्यावर अतिप्रसंग केला. ती दुसऱ्या दिवशी घरी आली, मी घाबरून तिचे कपडे धुऊन टाकले. आता तक्रार करता येईल का? त्यासाठी पुण्याला जावं लागेल का? – एक आई, सुदामानगर

उत्तर : ताई, पुण्याला जायची गरज नाही आणि वेळही गेलेली नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, एफआयआर कोणत्याही थान्यात देता येते. इंदूरचा थाना ती शून्य क्रमांकावर नोंदवून पुण्याच्या ठाण्याकडे पाठवतो. पुढचा तपास तिकडचे पोलीस करतील, पण मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आईवडील किंवा जवळचं कुणी हजर असताना घ्यायचा असतो. त्यासाठी तिला थान्यात बोलावून बसवून ठेवता येत नाही.

अशा गंभीर गुन्ह्याला तक्रारीची मुदत नसते. उशीर मात्र एफआयआरमध्येच समजावून सांगा : भीती, धमकी, घरात सांगायला लागलेला वेळ, जे खरं असेल ते. तिथे राहून गेलं की उलटतपासणीत बचावाचा वकील सुरुवातच तिथून करतो. कपडे धुतल्याचंही लपवू नका.

आता तुमच्या पत्रातल्या त्या एका शब्दाबद्दल. आपल्या घरांत ‘अतिप्रसंग’, ‘अंगाशी आला’, ‘नको ते केलं’ असं बोलायची रीत आहे. थान्यात त्याचं हिंदी होतं ‘छेड़छाड़ की’ किंवा ‘बुरी नीयत से हाथ पकड़ा’, आणि एका ओळीत कलम बदलतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७४ म्हणजे विनयभंग, १ ते ५ वर्षं. कलम ६४ म्हणजे बलात्कार, किमान १० वर्षं, कमाल जन्मठेप. आणि कलम ६३ मधली बलात्काराची व्याख्या केवळ संभोगापुरती नाही. योनीत किंवा गुदद्वारात बोट वा वस्तू घालणं, तोंडाने केलेलं कृत्य, हे सगळं तीत येतं. म्हणून मुलीने काय, कशाने, शरीराच्या कोणत्या भागाला, किती वेळा हे साध्या शब्दांत मराठीत कागदावर लिहून न्यावं. तिची तारीख-वार सही असलेला तो कागद तक्रारीला जोडायला सांगा. हिंदीत लिहिलेली एफआयआर वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही. तिची प्रत मोफत मिळते आणि ती तिथेच मागायची असते.

तपासणीचं म्हणाल तर महिन्यानंतर शरीरावरून नमुने मिळण्याची आशा नाही, पण डॉक्टरांकडे जाणं टाळू नका. गर्भधारणेची चाचणी आता करा, एचआयव्हीची आता आणि तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा. गर्भ असेल तर बलात्कारपीडितेला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो : २० पर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, त्यापुढे दोघांचं लागतं. मुलगी सज्ञान आहे, संमती फक्त तिची. मात्र गर्भपाताआधी पोलिसांना लेखी कळवा, म्हणजे ऊतकाचा नमुना डीएनएसाठी राखला जाईल. तो एकदा टाकून दिला की परत मिळत नाही. त्या माणसाचे मेसेज पुसू नका, फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर मूळ फोनइतका भरवसा ठेवता येत नाही.

हे उत्तर एखादीवर कालच प्रसंग आला असताना कुणी वाचत असेल, तर तिने आंघोळ न करता सरळ एमवायसारख्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जावं. आधी थाना, मग दवाखाना असा क्रम कायद्यात नाही. खासगी रुग्णालयालाही पीडितेवर मोफत उपचार करावे लागतात आणि तेच पोलिसांना कळवतात. कपडे झटकू नका. ओले असतील तर सावलीत वाळवून प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. पॉलिथिनमध्ये दमटपणा धरतो, बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. घराघरांत नेमकी हीच चूक होते. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस चालतात. गर्भनिरोधक गोळी जितकी लवकर तितकी बरी, शक्यतो ७२ तासांच्या आत, पण पाच दिवसांपर्यंत घेता येते. प्रत्येक तपासणीला तिची संमती हवी. उपचार घेऊन तपासणीला नाही म्हणायचीही तिला मुभा आहे. ‘दोन बोटांची चाचणी’ (योनीत बोटं घालून करायची) कुणी करू पाहिली तर साफ नकार द्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी ठरवलं आहे.

प्रश्न : थान्यात दोनदा गेलो. मुंशी (थान्यातला लेखनिक) म्हणतो, ‘आवेदन दे जाइए, जाँच करेंगे।’ पावतीही देत नाही. – एक वडील, रामबाग

उत्तर : आवेदन म्हणजे एफआयआर नव्हे. त्याला क्रमांक नसतो, त्यावर अटक होत नाही आणि ते महिनोन्महिने फायलीत पडून राहतं. प्राथमिक चौकशीची सवलत कायद्याने फक्त ३ ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत दिली आहे. तीही उपअधीक्षकांची परवानगी घेऊन, १४ दिवसांत संपवायची. बलात्काराला ती लागूच नाही. म्हणून तक्रारीत कृत्य काय ते स्पष्ट असेल तर मुंशीला चौकशीची सबब उरत नाही.

तरी नकार आला तर तीच तक्रार स्पीड पोस्टने आपल्या झोनच्या पोलीस उपायुक्तांना पाठवा (इंदुरात डिसेंबर २०२१ पासून आयुक्तालय आहे), पावती जपा. काही दिवस वाट पाहून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज करा. डाकेची ती पावती नसेल तर हा अर्ज तिथेच अडकतो. न्याय संहितेच्या कलम १९९ प्रमाणे अशी माहिती न नोंदवणाऱ्या लोकसेवकाला ६ महिने ते २ वर्षं सश्रम कारावास आहे. मुंशीसमोर आवाज चढवू नका. तक्रारीच्या शेवटी या कलमाचा उल्लेख असलेली एक ओळ घाला, ती जास्त बोलते.

घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर गुन्ह्याची कलमं जुन्या भारतीय दंड संहितेची लागतील, ३५४, ३७६ वगैरे. वकील महाग पडेल ही काळजी नको : जिल्हा विधिक सेवा प्राधिकरण स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील देतं. फोन १५१००.

प्रश्न : आरोपी नात्यातला. वडीलधारे म्हणतात, राखी बांध आणि मिटव. – एक वाचक

उत्तर : हे आपल्याच शहरात न्यायालयातही झालेलं आहे. जुलै २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने विनयभंगाच्या एका आरोपीला जामीन देताना अट घातली की त्याने फिर्यादीच्या घरी जाऊन राखी बांधून घ्यावी आणि ११ हजार रुपये ओवाळणी द्यावी. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये ती अट रद्द केली आणि न्यायालयांनी अशा गुन्ह्यांत तडजोड किंवा लग्न सुचवू नये असं बजावलं. बलात्काराचा खटला आपसांत मिटवता येत नाही. बैठकीत लिहून घेतलेल्या ‘समझौत्या’चा उपयोग पुढे तिलाच खोटी ठरवायला होतो, तेव्हा सही नको. धमकी आली तर तिची वेगळी तक्रार करा.

मुलगी १८ च्या आत असेल तर प्रश्नच उरत नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, त्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं असतं, गप्प बसणं हा गुन्हा आहे. मावशी-मामालाही हे लागू आहे.

प्रश्न : नाव पेपरात येईल? – एक बहीण

उत्तर : पीडितेची ओळख छापणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अमक्यांची धाकटी’ लिहिणाराही त्यातून सुटत नाही. खटला बंद दाराआड चालतो आणि तिच्या पूर्वायुष्याबद्दल प्रश्न विचारायला मनाई आहे. तिच्या वकिलाने तिथल्या तिथे हरकत घ्यायला मात्र हवी.

प्रश्न : नुकसानभरपाई निकालानंतरच मिळते का? – एक वाचक, लोकमान्यनगर

उत्तर : नाही. आरोपी सापडला नाही तरी मिळते. एफआयआरची प्रत आणि वैद्यकीय कागद जोडून जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. चौकशी दोन महिन्यांत संपवायची असते, तोवर उपचारासाठी अंतरिम रक्कमही मागता येते. राष्ट्रीय विधिक सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत बलात्कारासाठी ४ ते ७ लाख, सामूहिक बलात्कारासाठी ५ ते १० लाख आहेत. राज्याची २०१५ ची योजना वेगळी आहे, म्हणून अर्जात २०१८ च्या योजनेचं नाव स्पष्ट लिहा. सज्ञान स्त्रीला साधारण पाव भाग हातात मिळतो, उरलेली रक्कम किमान तीन वर्षं मुदत ठेवीत राहते. खातं तिच्या एकटीच्या नावाचं असावं. वडिलांबरोबरचं किंवा नवऱ्याबरोबरचं जोडखातं देऊ नका.