‘मी ओरडत नाही’ आणि ‘आई, तू ओरडतेस’

कॅलगरीच्या ताई, तुम्ही लिहिता, “दहादा सांगूनही लेकीच्या डोक्यात शिरत नाही. मी साधंच बोलते, ती म्हणते ओरडतेस. फोनवर रेकॉर्ड करून ऐकवू का?”

अहो, मुळीच नको! जीव तुटतो तुमचा, कळतं. परदेशात मन मोकळं करायला शेजारची काकूही नसते. पण पुरावा गोळा करायला घर म्हणजे कोर्ट आहे का? मुळात शब्द कुणाच्या डोक्यात जसेच्या तसे शिरतच नाहीत. १९५९ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या लेटविन, मातुराना, मॅकलक आणि पिट्स या शास्त्रज्ञांनी बेडकाच्या डोळ्याची नस तपासली. लहानशी काळी वस्तू हलली की नसेतले ठरावीक तंतू जोरात संदेश धाडतात. न हलणाऱ्या माश्यांच्या ढिगात बेडूक उपाशी मरेल. चिलीच्या हुंबेर्तो मातुराना यांनी पुढे मांडलं, की बाहेरून नुसता धक्का बसतो. त्याचं काय होणार ते आतली घडण ठरवते. कुटुंब-समुपदेशकांनी हे उचललं, तुमच्याच गावी कार्ल टॉम यांनीही.

लेकीला घेऊन बसा. कागदावर एक फुली, फुलीच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरवर १ सेंटिमीटरचा ठिपका. डावा डोळा झाकून, उजव्याने फुलीकडेच बघत कागद हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंटिमीटरवर ठिपका गायब! नजर ठिपक्याकडे घसरली तर जमणार नाही. तिथे भोकही दिसत नाही, मेंदू कोरा कागद भरून टाकतो. म्हणजे आपल्याला दिसतं तेच खरं, असं दोघींनाही म्हणता येत नाही. आमच्या फ्रिजवर हा कागद कायम लावलेला असतो, भांडणात उपयोगी पडतो.

मग जेवणानंतर दहा मिनिटं धाकट्याला विचारा, “आई अभ्यासाचं काढते तेव्हा ताई काय करते? त्यावर आई काय करते? बाबा तेव्हा कुठे बघतात?” मिलानच्या समुपदेशकांची ही गोल फिरणारी प्रश्नांची रीत. “का” नको, त्याचा आरोप होतो. “कोण चुकतं?” तर नकोच, लेकरू कात्रीत सापडतं. तुम्ही दोघींनी मध्ये तोंड उघडायचं नाही. यजमानांनी निकाल दिला की सगळं मुसळ केरात. मात्र घरात मारहाण किंवा धमकी असेल तर “ज्याची त्याची नजर” म्हणत बसू नका, आधी मदत मागा.

रविवारच्या मराठी शाळेचं विचारलंत, पाठवा. सासूबाईंच्या व्हिसाचं वकिलालाच विचारा. आणि ते रेकॉर्डिंग केलं असेल, तर ऐकवण्याआधी पुसून टाका.