माझ्या थायरॉइडमुळे बाळाची फुफ्फुसं कच्ची राहतील का?

फोंड्याच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न हल्ली इतक्यांदा येतोय की शेवटी लिहायला बसले. थायरॉइड आहे, म्हणजे गळ्यातल्या त्या ग्रंथीचं हार्मोन कमी पडतं, दिवस गेलेत, मोबाइलवर कुठंतरी वाचलं की फुफ्फुसं तयार व्हायला हे हार्मोन लागतं, झालं, झोप उडाली.

पेडण्याकडची एक मुलगी (तपशील बदललेत), सातवा महिना. चवथीच्या गडबडीत हिच्या 8 गोळ्या चुकलेल्या, तीन सेशन आम्ही त्याच गोळ्या मोजत होतो. मी सांगितलं की गोळीतलं हे हार्मोन रक्तात निम्मं व्हायलाच आठवडाभर लागतो, तरी ती ढिम्म हलली नाही.

"मॅडम, तेवढ्यात फुफ्फुसं बनायची राहिली असली तर?"

"आणखी काय राहिलं असं वाटतं?"

"सगळंच. त्याला सगळं माझ्याकडूनच जातं ना."

विवेकनिष्ठ पद्धतीनं, म्हणजे त्रास देणारा विचार तपासून बघत, काम करणाऱ्या बाईचा कान असल्या 'च'वर बरोबर जातो, इतक्या वर्षांची सवय! अडचण गोळ्यांत नव्हतीच, 'सगळं माझ्यावरच' या समजात होती.

मग सांगितलं. पहिले 12 आठवडे बाळ आईच्याच हार्मोनवर, पुढं त्याची स्वतःची ग्रंथी कामाला लागते, 18-20 आठवड्यांनंतर बऱ्यापैकी, आईचंही थोडं जात राहतं. फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या चिकटू नयेत म्हणून आतून जो थर लागतो तो 24व्या आठवड्याच्या आसपास बनायला लागतो, पुरेसा होतो 34-35ला. थायरॉइड त्याला हातभार लावतं पण कॉर्टिसोल या दुसऱ्या हार्मोनचं काम मोठं, म्हणून तर बाळंतपण लवकर होईलसं वाटलं की डॉक्टर त्याच्यासारखंच काम करणाऱ्या स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. 1990च्या दशकात बाळाचं थायरॉइड वाढवायला आईला जोडीनं टीआरएचही (थायरॉइडला चालना देणारं मेंदूतलं हार्मोन) देऊन बघितलं, जास्तीचा फायदा दिसला नाही.

बराच वेळ गप्प. मग, "म्हणजे त्याची स्वतःची आहे? एवढ्याशाची?" आणि पोटावर हात ठेवून घरच्या कोंकणीत त्यालाच म्हणाली, "तूं थंय काम करता आनी हांव हांगा रडटां!" दोघी हसलो. खरं सांगू, अशा क्षणासाठीच मी हे काम करते.

पण म्हणून गोळी सोडायची नाही हं. थायरॉइड आटोक्यात नसेल तर बाळ वेळेआधी येण्याची शक्यता वाढते आणि फुफ्फुसं कच्ची असतात ती अशाच बाळांची. गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्यापाऊण तासानं, लोह-कॅल्शियमच्या गोळीत 4 तासांचं अंतर. गरोदरपणात डोस बहुतेकींचा वाढतो पण तो डॉक्टरांनी वाढवायचा, शेजारणीनं नाही. पहिले पाच महिने तरी दर 4 आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी. आणि गोळ्या चुकल्या तर लपवू नका, चुकल्या म्हणून सरळ सांगा, डॉक्टर ओरडले तर ओरडले.

हिच्या नवऱ्यानं आता सकाळी साडेपाचचा अलार्म लावलाय. सासूबाईंना मात्र तो अजून पसंत नाही.