डिस्ट्रो निवडण्याआधी जीलिबसी बघ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

सी++ आणि रस्टसाठी लॅपटॉपवर कोणती डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कोणता प्रकार टाकू, असं तू विचारलंस. यावर बहुतेक जण कुठे कंपायलर (कोडपासून प्रोग्रॅम बनवणारं साधन) किती नवा मिळतो तेच सांगत बसतात. माझा पहिला प्रश्न वेगळा आहे: तू केलेली बायनरी, म्हणजे कंपाइल होऊन तयार झालेली फाइल, चालणार कुठे?

कंपायलर कधीही बदलता येतो. रस्टची नवी आवृत्ती दर सहा आठवड्यांनी येते आणि ती तू रस्टअप या रस्टच्या इन्स्टॉलरनेच घेणार. सहजासहजी बदलता येत नाही ती जीलिबसी, सिस्टिमची मूळ सी लायब्ररी, कारण मशीनवरचं जवळजवळ सगळं तिच्यावरच उभं असतं. जुन्या जीलिबसीवर लिंक केलेली (तिच्याशी जोडून बनवलेली) बायनरी नव्या जीलिबसीवर चालते. उलट होईलच याची खात्री नाही.

हे स्वतः करून बघ. उबुंटू २४.०४ वर जीलिबसी २.३९ आहे. तिथे नुसतं रिकामं 'मेन' (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ते फंक्शन) कंपाइल कर आणि ती बायनरी उबुंटू २०.०४ वर ने, जिथे २.३१ आहे. एकही काम न करणारा हा प्रोग्रॅम 'जीलिबसी २.३४ सापडली नाही' असं सांगून सुरू होण्याआधीच थांबेल. 'मेन'ला बोलावणारं जे फंक्शन लायब्ररीत असतं, त्याला २.३४ मध्ये नवा आवृत्ती-शिक्का मिळाला, म्हणून हे होतं. तुझ्या कोडमध्ये शोधून काहीच सापडणार नाही, आणि नवे लोक इथेच दिवसच्या दिवस घालवतात.

माझं मत विचारशील तर शिकायला फेडोरा टाक. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, कंपायलर ताजा असतो. फेडोरा ४२ मध्ये जीसीसी या कंपायलरची १५वी आवृत्ती आहे आणि त्यात सीचं डीफॉल्ट मानक सी२३ झालंय. फंक्शनच्या रिकाम्या कंसाचा अर्थ आता 'आर्ग्युमेंट नाहीत' असाच होतो, त्यामुळे बराच जुना कोड तिथे अडतो. अडू दे, त्यातूनच भाषा कळते. शिवाय फेडोरा ३८ पासून पॅकेजेस फ्रेम पॉइंटरसकट (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याचा माग ठेवणाऱ्या खुणांसकट) बिल्ड होतात, म्हणून 'पर्फ' हे वेग मोजायचं साधन लावलंस की कॉल स्टॅक, म्हणजे फंक्शनांची ती साखळी, लायब्ररीच्या आतपर्यंत नीट दिसते. कामाच्या वेगाचा अंदाज बांधण्यापेक्षा तो मोजायची सवय तुला आत्ताच लागावी असं मला मनापासून वाटतं. एका आवृत्तीला साधारण १३ महिनेच अपडेट मिळतात, तेवढं सांभाळ. वर्षाकाठी अपग्रेड नको असेल तर डेबियन १३ घे. त्यातला जीसीसी १४ तुला भरपूर पुरेल. फेडोरासारखीच तिथेही हेडर फायलींची (लायब्ररीतली फंक्शनं कंपायलरला ओळखून देणाऱ्या फायलींची) पॅकेजेस वेगळी टाकावी लागतात, तिथे त्यांना 'डेव्ह' म्हणतात.

मात्र दुसऱ्याला द्यायची बायनरी लॅपटॉपवर थेट बिल्ड करू नकोस. पॉडमन या साधनात अल्मालिनक्स ८ या जुन्या डिस्ट्रोचा कंटेनर (लॅपटॉपवरच चालणारं तिचं वेगळं, बंदिस्त वातावरण) उघड. तिथे जीलिबसी २.२८ आहे, आणि 'जीसीसी-टूलसेट' टाकलंस की त्या जुन्या पायावर नवा कंपायलर मिळतो. सी++ लायब्ररीचे जे नवे भाग जुन्या सिस्टिमवर नसतात, ते तो बायनरीतच भरतो. पायथॉनची कंपाइल केलेली कितीतरी पॅकेजेस याच पायावर तयार होतात. अल्पाइन या डिस्ट्रोच्या नादी सध्या लागू नकोस. तिथे जीलिबसीऐवजी मसल ही दुसरी सी लायब्ररी आहे, तो विषय निराळा.

पहिली बायनरी झाली की तिच्यावर 'ऑब्जडम्प' ही बायनरीच्या आतलं दाखवणारी कमांड मोठ्या टी पर्यायासह (-T) चालव. जीलिबसीचे कोणते आकडे दिसतात ते मला कळव आणि त्यातला सगळ्यात मोठा कोणत्या फंक्शनमुळे आला, ते आधी स्वतः शोध.