‘डांके’ म्हणजे हो की नको?

मी समुपदेशक आहे. नोव्हेंबर लागला की मला हे फोन यायला लागतात. मुलं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वर्षभरासाठी परदेशी गेलेली असतात, एखाद्या चर्चच्या बालवाडीत, वृद्धाश्रमात किंवा निर्वासितांच्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून. पहिले दोन महिने घरी भरभरून फोटो येतात. मग ते थांबतात आणि एके दिवशी आईचा फोन येतो, “मॅडम, ती परत यायचं म्हणतेय. तिथे तिला कुणी आपलं मानत नाही.” हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता लिहायलाच हवं. ज्या मुलीची हकिगत सांगतेय तिची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती तेवीस वर्षांची. उत्तर जर्मनीतल्या एका छोट्या गावात तिथल्या प्रोटेस्टंट मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, बालवाडीत काम करायची आणि मंडळीतल्याच एका विधवा बाईंच्या घरी राहायची. आम्ही गुरुवारी व्हिडिओवर बोलायचो. माझे रात्रीचे साडेआठ म्हणजे हिवाळ्यात तिचे दुपारचे चार, पण तिच्यामागच्या खिडकीत तेव्हाच दिवेलागण झालेली दिसायची. “जय ख्रिस्त, मॅडम,” म्हणाली आणि पुढची वीस मिनिटं एकटीच बोलत होती.

मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंना भेटायला ती भेटवस्तू घेऊन गेली. बाई दारातच उभ्या राहिल्या, हसल्या, आत जाऊन डायरी घेऊन आल्या आणि अडीच आठवड्यांनंतरची तारीख दिली. बालवाडीच्या प्रमुखांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “हे चुकलं, पुन्हा कर.” रविवारी कपड्यांचं मशीन लावलं तर खालचे शेजारी दार वाजवून म्हणाले, आज शांततेचा दिवस आहे. तिच्या वाढदिवसाला कुणी केक आणला नाही, उलट दुपारी एकीनं विचारलं, “केक कुठंय?” रविवारच्या उपासनेला शेकडो माणसं बसतील अशा चर्चमध्ये पंचवीस-तीस पिकली डोकी. पाळकबाईंना भेटायचं तरी आधी वेळ घ्यायची.

मी तिला एकेक गोष्ट समजावून दिली. जर्मनीत वाढदिवस ज्याचा असतो तोच केक आणतो. रविवारच्या विश्रांतीला तिथल्या राज्यघटनेचं संरक्षण आहे, १९१९ च्या वायमार घटनेतलं कलम आजच्या घटनेत तसंच घेतलंय. ‘चुकलं’ म्हणजे काम चुकलं, तू वाईट आहेस असं नाही.

तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “हे मला माहितीये, मॅडम. जायच्या आधी आमचं शिबिर झालं होतं. ऑफिसात असं झालं असतं ना, तर मला काही वाटलं नसतं. पण ही मंडळी आहे. प्रभूचं घर आहे. इथे तरी...”

पुढे तिला बोलवेना.

त्या दिवशी वहीत मी फक्त ते दोन शब्द लिहिले: इथे तरी. आणि मग आधीच्या मुलामुलींच्या नोंदी काढून वाचल्या. जवळजवळ प्रत्येकाच्या बोलण्यात हे शब्द कुठे ना कुठे होते. त्याच देशात शिकायला किंवा नोकरीला गेलेली मुलंही माझ्याकडे येतात. थंडी, भाषा, एकटेपणा त्यांनाही असतो, पण ती परक्यांत जायच्या तयारीनं गेलेली असतात. चर्चमधून सेवेला जाणारं मूल मनानं घरी चाललेलं असतं. तोच येशू, तीच प्रार्थना, तेच पवित्र शास्त्र, म्हणजे माणसंही आपलीच. मग परक्याकडून जे ‘इथली पद्धत’ म्हणून सहज पचलं असतं, ते आपल्या माणसाकडून प्रेमाचा अभाव म्हणून टोचतं. विश्वास एक आहे म्हणून धक्का कमी बसेल असं पालकांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे: तो जास्त बसतो.

हे मला तेव्हा प्रथमच इतकं स्वच्छ दिसलं. आणि नुसती माहिती देऊन काही होत नाही ते का, हेही कळलं. दुखत होती ती अपेक्षा.

माझं शिक्षण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांच्या परंपरेतलं. कि. मो. फडके सरांनी ती आपल्याकडे रुजवली. घटना आपल्याला जेवढी दुखावते, त्याहून आपण तिला लावलेला अर्थ जास्त दुखावतो, हा त्या विचाराचा गाभा. मराठीत तो अर्थ बहुतेक वेळा एका ‘च’मध्ये लपलेला असतो. ‘त्यांनी मला विचारायला हवं होतं’ ही इच्छा झाली. ‘विचारायलाच हवं होतं’ म्हटलं की समोरच्यावर खटला सुरू होतो, आणि निकाल आधीच लिहून ठेवलेला असतो. मी तिला म्हटलं, “पुढच्या गुरुवारपर्यंत ‘च’ लावायचा नाही. काय झालं तेवढं सांगायचं, का झालं ते सांगायचं नाही.”

चौथ्या भेटीत तिचा चेहरा बघून मी दचकले. गाल बसले होते. वजन पाच किलो उतरलं होतं. आईला नैराश्याची भीती वाटत होती, खरं तर मलाही. मी इतर सगळं बाजूला ठेवलं आणि विचारलं, “काल रात्री काय जेवलीस?”

“दोन ब्रेड.”

“टेबलावर काय काय होतं?”

“ब्रेडच. रात्री हे लोक शिजवत नाहीत. प्रत्येकापुढे एक छोटी लाकडी पाटी, सुरी, मध्ये ब्रेडची टोपली, चीज, लोणी, काकडी.”

“पोट भरलं?”

ती गप्प.

“टेबलावर कोण काय बोललं ते शब्दाला शब्द सांग. अर्थ लावू नकोस.”

“घरच्या बाई म्हणाल्या, अजून हवंय का? मी म्हटलं, डांके. मग त्यांनी डबे बंद केले.”

“डांके म्हणजे?”

“थँक यू.”

“हो-थँक यू, की नको-थँक यू?”

इथे ती थांबली. तिचा चेहरा मला आजही डोळ्यांपुढे दिसतो. मला जर्मन येत नाही, मी काही हुशारी करून विचारलं नव्हतं. पण ती हळूहळू म्हणाली, “मला तर... हो असं म्हणायचं असतं. म्हणजे त्यांनी एकदा आग्रह केला की मी घेणार असते.”

“त्या आग्रह करतात?”

“कधीच नाही. त्यांना वाटतच नाही मी खावं असं.” मग स्वतःच, “हा ‘च’ झाला, मॅडम.”

मी एवढंच सांगितलं, “त्यांना विचार. मी डांके म्हणते तेव्हा तुम्हाला काय ऐकू येतं?”

पुढच्या गुरुवारी तिनं कॅमेऱ्यापुढे एक फोटो धरला. फ्रिजवर चिकटवलेली चिठ्ठी, म्हाताऱ्या माणसाच्या तिरप्या अक्षरातली. पाच-सहा नावं एकाखाली एक लिहिलेली, आणि शेवटचं सोडून सगळ्यांवर काट मारलेली. ती सगळी ब्रेडची नावं होती: राईचा, सूर्यफुलाच्या बियांचा, पातळ कुरकुरीत, गोडसर पांढरा. बाई दर आठवड्याला बेकरीतून नवा प्रकार आणत होत्या. मुलगी दोन तुकड्यांवर थांबते, डांके म्हणते, म्हणजे तिला हाही आवडला नाही. मग काट. काही देऊ केल्यावर तिथे नुसतं ‘डांके’ म्हटलं तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘नको, आभारी आहे’ असा होतो. हवं असेल तर ‘बिट्टे’ (प्लीज) किंवा ‘या, गेर्न’ (हो, आवडेल) म्हणायचं. तिनं विचारल्यावर बाईंनी सुरी पाटीवर ठेवली, तिला फ्रिजपाशी नेलं, ती चिठ्ठी दाखवली आणि म्हणाल्या, “मला वाटलं तुला माझ्या घरचं काहीच आवडत नाही.”

दोघी रडल्या म्हणे. मग दोघींनी मिळून अख्खी टोपली संपवली.

मी त्या चिठ्ठीकडे बराच वेळ बघत राहिले. आपल्याकडे पाहुण्याचा पहिला ‘नको’ खरा मानला तर यजमान कोरडा ठरतो. तिथे पाहुण्याचा ‘नको’ खरा न मानणं म्हणजे त्याच्या शब्दाचा अपमान. एकीचं प्रेम आग्रहात होतं, दुसरीचं तिचा शब्द मानण्यात, आणि मध्ये मुलगी उपाशी. इतक्या वर्षांच्या कामात जे थोडे क्षण मी जपून ठेवलेत, त्यात हा फार वरचा आहे.

डायरीतल्या तारखेचंही तसंच झालं. अडीच आठवड्यांनी ती घाबरतच गेली, तर टेबलावर मेणबत्ती, घरी भाजलेला केक, आणि बाईंनी तीन तास फोनला हात लावला नाही. ती दुपार तिच्यासाठी राखून ठेवलेली होती.

आता अशा मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना थोडं सांगते.

परक्या संस्कृतीत बसणारा हा धक्का म्हणजे आजार नाही. कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञानं १९६० साली ‘कल्चर शॉक’वर लेख लिहिला, तो मिशनरी वाचत त्या नियतकालिकात. पाण्याची नको इतकी काळजी, पुन्हा पुन्हा हात धुणं, क्षुल्लक कारणावरून संताप, घरची अनावर ओढ ही लक्षणं त्यानं तेव्हाच नोंदवली होती. म्हणजे सेवेला निघालेल्यांचं हे दुखणं जुनं आहे. तुमची श्रद्धा कमी पडली म्हणून ते होत नाही. ‘प्रार्थना कमी करतेस म्हणून असं वाटतं’ असं घरच्यांनी कृपा करून म्हणू नये, त्यानं मूल बोलायचंच बंद होतं.

जिथे राहता तिथलं एक माणूस हेरा, ज्याला बावळट प्रश्न विचारता येतील. ‘असं केलं तर इथे त्याचा काय अर्थ होतो?’ एवढंच विचारायचं, आणि टोचलं त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी विचारायचं. आठवडा गेला की मनात गोष्ट रचून तयार होते आणि प्रश्नाची जागा तक्रार घेते. सरकारी योजनेतून जर्मनीला गेलेल्या तरुण स्वयंसेवकांना वर्षभराच्या सेवेत २५ दिवस प्रशिक्षणवर्गाचे असतात. कंटाळवाणे म्हणून ते टाळू नका. दुसऱ्या देशांतून आलेली, अगदी याच गोष्टीवर अडलेली मुलं तिथेच भेटतात.

आईवडिलांनो, रोजचा दोन तासांचा व्हिडिओ कॉल थांबवा. तुम्ही पडद्यावर असता तोवर मूल टेबलावर बसायला जात नाही. आठवड्यातून दोनदा बोला. आणि ‘जेवलीस का’ऐवजी ‘कुणाबरोबर जेवलीस’ असं विचारा.

जुळवून घेणं म्हणजे स्वतःला पुसून टाकणं, असा एक गैरसमज फार आढळतो. या मुलीनं मराठी बायबल बॅगेच्या तळाशी ठेवून दिलं होतं, इथे जर्मनमध्येच प्रार्थना करायची असं स्वतःच ठरवून. मी तिला पंडिता रमाबाईंची आठवण दिली. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहिल्या, त्याच वर्षी तिथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी शाकाहार सोडला नाही. क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरं असावीत असा आग्रह धरला, आणि आज्ञापालन कुठवर करायचं यावरून आपल्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून सडेतोड वाद घातला. तरी नातं तोडलं नाही. रमाबाई तिला लहानपणापासून माहीत होत्या, पण या बाजूनं तिनं कधी पाहिलंच नव्हतं. काही दिवसांनी जेवणाआधी बाई जर्मनमध्ये प्रार्थना म्हणायला लागल्या आणि ही मराठीत.

अर्थात सगळंच गैरसमजात बसत नाही. रिकाम्या बाकांचं तिला झालेलं दुःख खरं होतं. जर्मनीत कॅथॉलिक आणि प्रोटेस्टंट चर्चचे सभासद मिळून आता लोकसंख्येच्या निम्म्याहूनही कमी आहेत, ते मी काय समजावून घालवणार? ते तिनं सोबत बाळगलं, एवढंच. मंगळवारी मंडळीच्या सभागृहात निर्वासितांना भाषा शिकवायला तीच पिकली डोकी न चुकता येतात, हे मात्र तिनं नंतर पाहिलं.

आणि एक गोष्ट ठासून सांगते. पासपोर्ट काढून घेणं, ठरलेल्या तासांच्या कितीतरी पलीकडे राबवणं, नकोसा स्पर्श, ‘सेवा आहे, तक्रार करायची नाही’ असा दम, यातलं काहीही ‘तिथली संस्कृती’ नव्हे. तिथे अर्थ तपासत बसू नका. पाठवणाऱ्या संस्थेला आणि घरी त्याच दिवशी कळवा, आणि परत यावंसं वाटलं तर या. परत येणं म्हणजे हरणं नव्हे, हे मी प्रत्येक पालकाकडून आधीच कबूल करून घेते.

ती मुलगी राहिली. मार्चनंतर आमच्या भेटी महिन्यातून एकदा होऊ लागल्या. मे महिन्यात मी विचारलं, “पुढच्या गुरुवारी बोलायचं?” तिनं शेजारची छोटी डायरी उघडली, पान उलटलं, बोट फिरवलं.

“गुरुवारी नाही जमणार, मॅडम. एका आजींकडे वेळ दिलीय. सोळा तारखेला चालेल?”

मी माझ्या डायरीत लिहून घेतलं.