बास्केटखाली कॅमेरा धरताना

सांगलीकडची लग्नं शूट करून तुझा हात बसलाय, ते चांगलंच. पण लग्नातली झूम मारायची खोड इथं बास्केटबॉलच्या मॅचला आधी सोड. बेसलाइनवर, म्हणजे बास्केटमागच्या कोर्टाच्या शेवटच्या रेघेपाशी, लेन्स वाइडलाच ठेव. रिंग 3.05 मीटरवर आणि खेळाडू थेट अंगावर येणारा. झूम केलास तर डंकच्या, म्हणजे उडी मारून बॉल रिंगमध्ये कोंबायच्या, वेळी फ्रेमभर नुसता जर्सीचा नंबर.

बसायचं बेसलाइनपासून निदान 2 मीटर मागं, खांबाच्या बाजूला. मांडी नको, एक गुडघा टेकव, म्हणजे झटकन सरकता येतं. दुसरा डोळा उघडाच. खेळाडू घसरत आला की कॅमेरा छातीशी ओढ आणि बाजूला कलंड. पाय पुढं पसरलास तर त्याचा घोटा गेलाच म्हणून समज.

आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून सेकंदाला 50 फ्रेम असतील तर शटर 1/100 सेकंद. 1/120 केलंस की काही हॉलच्या दिव्यांत चित्र लुकलुकतं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं अशी रंगांची जुळवणी, कोर्टावरच कर, पांढरा कागद धरून. ऑटोवर लाकडी फ्लोअर रंग फसवतो. केबल मागून आण, टेपनं चिकटव, कॅमेऱ्यापाशी दीड मीटर ढील ठेव.

बॉल बास्केटमध्ये पडला की बॉलमागं धावू नकोस, चेहरा धर. टॅलीचा, म्हणजे तुझंच चित्र प्रक्षेपणात चालू असल्याचं सांगणारा, कॅमेऱ्यावरचा लाल दिवा विझेपर्यंत हलायचं नाही.