१४७७ मध्ये मेरी ऑफ बर्गंडीने मॅक्सिमिलियनऐवजी फ्रान्सच्या युवराजाशी लग्न केलं असतं तर?

बर्गंडी, म्हणजे मेरीला वडिलांकडून मिळालेलं राज्य, संपली असती. नुसती डिजॉनकडची डची (ड्यूकची मूळ जहागीर) नव्हे. फ्लँडर्स, ब्राबांट, हॉलंड, सगळंच. ब्रिटनीचं काय झालं ते बघा. तिथेही ड्यूक मेला, मागे मुलगी, अ‍ॅन. तिने १४९० मध्ये याच मॅक्सिमिलियनशी (हा ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग घराण्यातला; तोवर विधुर झाला होता) प्रतिनिधी उभा करून लग्न लावलं. फ्रेंच फौजेने ब्रिटनी घेरली, ते लग्न मोडलं आणि १४९१ मध्ये अ‍ॅन तुम्ही म्हणता त्याच युवराजाची, म्हणजे तोवर राजा झालेल्या आठव्या चार्ल्सची बायको झाली. १५३२ मध्ये ब्रिटनी फ्रान्समध्ये कायमची विलीन.

पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की 'मेरीच्या लग्नामुळे बर्गंडी परक्यांच्या घरात गेली'. हे वाक्य वाचून मी उत्तर लिहायला बसले.

एम. ए.ला असताना मी याच वारसावादावर सेमिनार दिला होता. हातात फ्लँडर्स आणि आर्त्वाच्या वंशावळींच्या झेरॉक्स, फळ्यावर खडूने काढलेला नकाशा. माझं दुसरंच वाक्य चालू असताना आमचे एक सर म्हणाले, "मुलीला वारसा नव्हताच, मग वाद कसला? लेकीला दिलं की घराबाहेर जातं, हे तेव्हाही कळत होतं." वर्ग हसला. आमच्या घरी माझ्या आत्यांना हक्कसोडपत्रावर सह्या करताना मी पाहिलेलं होतं; त्यांनाही हेच ऐकवलं होतं. वंशावळी दाखवू का विचारलं, तर वेळ संपली म्हणाले. समोरची खुर्ची रिकामी करून पुढच्या मुलाला बोलावलं. ते मी आजही विसरलेले नाही.

तर त्या वंशावळी इथे मांडते. बर्गंडी म्हणजे एक सातबारा नव्हता. प्रत्येक प्रांताचा खातेउतारा वेगळा. मेरीच्या खापरपणजोबांना फ्लँडर्स, आर्त्वा आणि फ्रांश-कोंते मिळाले ते बायकोकडून, १३८४ मध्ये. ब्राबांटवर योहाना या डचेसने पन्नास वर्षं राज्य केलं. आणि आर्त्वा? तिथे पुतण्या रोबेर विरुद्ध आत्या माओ असा वाद झाला तेव्हा १३०९ मध्ये खुद्द फ्रान्सच्या राजाने आत्याच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे बाईच्या वारशाने जमलेलं राज्य बाईच्या हाती आलं, तेव्हाच फ्रान्सच्या राजाला, युवराजाच्या बापाला, अकराव्या लुईला 'मुलीला वारसा नाही' हा कायदा आठवला. हा लुई मेरीचा धर्मपिता होता, हेही लक्षात ठेवा.

५ जानेवारी १४७७ ला मेरीचे वडील, बर्गंडीचा ड्यूक धाडसी चार्ल्स, नान्सीच्या लढाईत पडला. प्रेत दोन दिवसांनी गोठलेल्या पाण्यात सापडलं. चेहरा लांडग्यांनी कुरतडलेला, जुन्या जखमांच्या खुणांवरून वैद्याने ओळखलं. मुलगी एकोणीस वर्षांची. फेब्रुवारीत गेंटमध्ये प्रांतांनी तिच्याकडून आपल्या हक्कांची सनद लिहून घेतली. तिने लुईला विश्वासाने गुप्त पत्र लिहिलं, ते त्याने गेंटच्याच प्रतिनिधींच्या हाती दिलं. त्यावरून भडकलेल्या गेंटमध्ये ३ एप्रिलला तिच्या वडिलांच्या दोन मंत्र्यांची, युगोने आणि हम्बरकूर यांची, मुंडकी उडवली. कोमिन हा बखरकार सांगतो की त्याआधी ती शोकवस्त्रांत, केस मोकळे सोडून बाजारचौकात आली आणि जमावाकडे त्यांच्या जिवाची भीक मागत होती. तो काही तिच्या बाजूचा नव्हता. तिच्या वडिलांना सोडून लुईकडे गेलेला माणूस.

अशा वेळी समोर कोण, तर सहा वर्षांचा युवराज. लग्न म्हणजे प्रत्यक्षात कारभार लुईच्या हाती. सावत्र आई मार्गारेट ऑफ यॉर्कच्या सल्ल्याने तिने ऑगस्टमध्ये मॅक्सिमिलियनशी लग्न केलं. दोन वर्षांत त्याने गिनगातच्या लढाईत फ्रेंचांना हरवलं. ही निवड बरोबरच होती.

पर्यायी इतिहास रचायचाच असेल तर लग्न सोडा, मार्च १४८२ घ्या. बहिरी ससाण्याच्या शिकारीत मेरी घोड्यावरून पडली आणि ब्रूजमध्ये गेली, वय पंचवीस. तिचा मुलगा आणि वारस फिलिप चार वर्षांचाही नव्हता. म्हणून डिसेंबरमध्ये आरासचा तह होऊन मेरीची लहानगी मुलगी मार्गारेट आणि तिच्या हुंड्यात आर्त्वा, फ्रांश-कोंते फ्रान्सला द्यावे लागले. म्हणून फ्लँडर्सची बंडं पेटली, १४८८ मध्ये ब्रूजकरांनी मॅक्सिमिलियनलाच कोंडलं. मेरी जगली असती तर हे टळलं असतं; शहरांना तिचा परका नवरा नको असला तरी आपली डचेस हवी होती. फिलिपचं लग्न स्पेनमध्ये झालं असतं का, त्याचा मुलगा, पुढचा सम्राट पाचवा चार्ल्स, जन्मला असता का, हे प्रश्न तिथून सुटे होतात.

हो, मूळ डचीपुरता लुईचा दावा पोकळ नव्हता. ती राजघराण्यातल्या धाकट्या मुलाला तोडून दिलेली जहागीर होती. आणि १४७६ मध्ये स्विसांकडून दोनदा मार खाऊन धाडसी चार्ल्सनेही लेकीसाठी फौज किंवा खजिना काही ठेवलं नव्हतं. पण फ्रांश-कोंते पवित्र रोमन साम्राज्याची जहागीर होती, फ्रान्सची नव्हेच. ती लुईने कुठल्या कायद्याने बळकावली? सर हे वाचत असतील तर याचं उत्तर द्यावं, आता वेळ भरपूर आहे.