श्वासनलिकेच्या सांगाड्यावर पेशी वाढवताना

सांगाडा, म्हणजे श्वासनलिकेच्या आकाराची प्लॅस्टिकची नळी, पेशींनी झाकला गेला म्हणून हुरळून जाऊ नकोस. झाकणं सोपं, जगवणं अवघड. अस्तराच्या पेशींना वरून हवा आणि खालून पोषक द्रव मिळू दे. कफ वर ढकलणारे सूक्ष्म रोम फुटायला तीन-चार आठवडे लागतात. घाई नको.

खरी अडचण रक्तपुरवठ्याची. प्लॅस्टिकच्या नळीत रक्तवाहिन्या आपोआप शिरत नाहीत. २०११ मध्ये स्टॉकहोमला शल्यविशारद पाओलो मॅकियारिनींनी अस्थिमज्जेच्या पेशी पेरलेली नळी, प्राण्यांवर पुरेशा चाचण्या न होताच, रुग्णाला बसवली. तो २०१४ मध्ये वारला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने त्या शस्त्रक्रियेवरचा निबंध २०१८ मध्ये मागे घेतला. मला आजही त्या रुग्णाबद्दल वाईट वाटतं. म्हणून अपयश झाकू नकोस: मेलेल्या पेशींचे फोटोही वहीत तारखेसकट लाव, आणि मार्गदर्शकांना आधी तेच दाखव.